‘ब्रेक’ म्हणजे तोडणे, मोडणे की फोडणे?

इंग्रजीच्या पहिल्या दुसऱ्या पुस्तकात मुलांना जे नेहमीचे शब्द भेटतात, त्यांत ‘ब्रेक’ हा एक आहे. वहीत दोन रकाने आखलेले असतात. डाव्या रकान्यात ‘ब्रेक’, उजव्या रकान्यात ‘तोडणे’. मूल पाठ करते आणि पुढच्या शब्दाकडे जाते. इथपर्यंत कुणाचेच काही चुकले असे वाटत नाही. पण काही दिवसांनी तेच मूल ‘मी फूल तोडले’ याचे इंग्रजी करताना ‘आय ब्रोक द फ्लॉवर’ असे लिहिते, ‘त्याने झाड तोडले’ याचे ‘ही ब्रोक द ट्री’ करते, आणि वहीवर तांबडी फुली पडते. मुलाला काही उमगत नाही. तोडणे म्हणजे ब्रेक हे तर आपल्याला शिकवलेच होते!

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. वाडीवरच्या, पाड्यावरच्या शाळेतही तो रोज उभा राहतो. म्हणून आज या एकाच क्रियापदाची थोडी चौकशी करू. त्याचा अर्थ काय, ते आले कुठून, आणि आपल्या बोलीत त्याला जोडीदार कोण कोण आहेत, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

चौकशीला एखादे गाव हाताशी असले म्हणजे बरे पडते. आपण पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक घेऊ. गाव छोटे, भाताचे. पण ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला, त्यांनाच पुढे सारा देश विनोबा म्हणून ओळखू लागला. विनोबांनी पुष्कळ भाषा शिकून घेतल्या. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. शब्द हाती आला की त्याच्या मुळापर्यंत जाण्याची त्यांना हौस होती. अशा माणसाच्या जन्मगावी उभे राहून एखाद्या शब्दाचे मूळ शोधावे, हे योग्यच म्हणायचे. आणि दुसरे असे, की आपल्याला लागणारे सगळे सामान, म्हणजे काठी, दोरी, मडके, बांध, बैल, भाकरी, हे कुठल्याही भातगावात घरोघर असते.

आधी लाकडाचेच बघा. रानात कुऱ्हाड घेऊन गेलेला माणूस झाड तोडतो. वाटेत आडवी आलेली वाळकी फांदी हाताने मोडतो. घरी आणलेला ओंडका अंगणात उभा करून त्याची लाकडे फोडतो. वस्तू एकच, लाकूड. क्रियापदे मात्र तीन, आणि ती आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. ‘फांदी फोडली’ असे म्हणणारा माणूस मराठी मुलखात सापडायचा नाही. चार वर्षांचे पोरसुद्धा तसे म्हणणार नाही. हे त्याला कोणी शिकवले? कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने नाही. आईच्या, आजीच्या तोंडून ऐकता ऐकता ते त्याच्या अंगात मुरले.

या तीन क्रियापदांमागचा कायदा काय, तो आता नीट मांडून बघू.

‘तुटणे’ हे जोड असलेल्या वस्तूचे असते. दोरी तुटते, साखळी तुटते, तार तुटते, सदऱ्याचे बटण तुटते. एकाला एक लागून होते, ते अलग झाले. म्हणूनच नाते तुटते, संबंध तुटतो, शेजाऱ्याचे येणेजाणे तुटते. फूल देठापासून अलग होते म्हणून ते तोडायचे. झाड बुंध्यापासून अलग होते म्हणून तेही तोडायचे. इंग्रजी मात्र इथे ‘ब्रेक’ म्हणत नाही. फुलाला ‘प्लक’, झाडाला ‘कट’. आपल्या विद्यार्थ्याची वहीतली चूक इथली आहे.

‘मोडणे’ हे ताठ, घडण असलेल्या वस्तूचे. काठी मोडते, हाड मोडते, खुर्ची मोडते, नांगराचा फाळ मोडतो. घडण बिघडली, वस्तू कामाला येईनाशी झाली, की ती मोडली. तुकडे अलग झालेच पाहिजेत असे नाही. फांदी मोडून झाडालाच लोंबत राहते. खुर्चीचा पाय मोडला म्हणजे तो कदाचित अजून खिळ्याला धरून असेल. पाय तुटला म्हणजे तो हातातच आला. मोडण्यात घडणीला महत्त्व आहे, म्हणून ठरलेल्या गोष्टीही मोडतात. वचन मोडते, लग्न मोडते, संसार मोडतो, शिस्त मोडते, खेळ मोडतो.

‘फुटणे’ हे पोकळ किंवा ठिसूळ वस्तूचे. मडके फुटते, अंडे फुटते, नारळ फुटतो, काच फुटते. पुष्कळदा आत कोंडलेले काहीतरी बाहेर येते. म्हणून गळू फुटते, बांध फुटतो, घाम फुटतो, बातमी फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो. फुटण्यातून नवे काही जन्मालाही येते. झाडाला पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो, मुक्याला वाचा फुटते. इंग्रजीत दिवस ‘ब्रेक’ होतो. आपल्याकडे पूर्वेला तांबडे फुटते. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज त्यांच्याकडे ‘ब्रेक’ होतो. आपल्याकडेही आवाज फुटतो. म्हणजे दोन दूरच्या भाषांना इथे एकच गोष्ट सुचली.

चौथा भाऊ ‘फाटणे’. कापड, कागद, पत्रावळीचे पान, अशा पातळ पसरट वस्तूचा हा धनी. याला मात्र इंग्रजीत ‘ब्रेक’ चालत नाही, तिथे ‘टेअर’ हा वेगळा शब्द आहे.

आणि एक जागा अशी की जिथे आपण यांतले काहीच म्हणत नाही. सुवासिनीच्या हातातली बांगडी फुटली तर घरातली म्हातारी माणसे ‘बांगडी वाढवली’ म्हणतात. मंगळसूत्र तुटले तरी ‘वाढले’ म्हणतात. देवापुढचा नारळसुद्धा ‘वाढवायचा’ असतो. अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून मोडण्याला वाढण्याचे नाव दिलेले. कोशातला नुसता अर्थ पाहून हे परक्या माणसाला कळायचे नाही.

आता एवढ्या सगळ्यांच्या समोर इंग्रजीत एकटा ‘ब्रेक’ उभा आहे. काठीला ‘ब्रेक’, दोरीला ‘ब्रेक’, मडक्याला ‘ब्रेक’, वचनालाही ‘ब्रेक’. मराठी विचारते, वस्तू कशी होती आणि तिचे काय झाले? इंग्रजी एवढेच सांगते की ती अखंड होती, आता अखंड राहिली नाही. यात इंग्रजी गरीब आणि मराठी श्रीमंत असे समजण्याचे कारण नाही. तिच्याजवळही ‘स्नॅप’, ‘स्मॅश’, ‘क्रॅक’, ‘बर्स्ट’ असे बारकावे दाखवणारे शब्द आहेतच. पण तिने सगळ्यांवर एक मोठी छत्री धरली आहे. आपण तशी छत्री धरलेली नाही. मुलाला सांगायचे ते हे.

एक दुसरा फरक आहे, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मराठीत ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’, ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’, ‘फाटणे’ आणि ‘फाडणे’ अशा जोड्या आहेत. आपोआप झाले तर एक, कुणी केले तर दुसरे. ‘मोडणे’ तेवढे दोन्हीकडे चालते, काठी मोडली आणि मी काठी मोडली. इंग्रजीत ‘ब्रेक’ सगळीकडेच असे दोन्हीकडे चालते. ‘द पॉट ब्रोक’ म्हणजे मडके फुटले, ‘आय ब्रोक द पॉट’ म्हणजे मी मडके फोडले. क्रियापद तेच, फक्त पुढे करणारा माणूस आला.

पण मराठीचे इथेच संपत नाही. नव्या सुनेच्या हातून पाण्याचे मडके निसटले. सासूबाई आतून विचारतात, “काय गं, काय फुटलं?” सून म्हणते, “सासूबाई, माझ्या हातून मडकं फुटलं.” ती ‘मडके फुटले’ एवढेच म्हणून नामानिराळी राहत नाही, आणि ‘मी मडके फोडले’ असेही म्हणत नाही, कारण तिने ते मुद्दाम केलेले नाही. ‘माझ्या हातून फुटले’ यात जबाबदारी आहे आणि निर्दोषपणाही आहे. या तिसऱ्या वाटेसाठी इंग्रजीला ‘बाय अ‍ॅक्सिडेंट’ असे शब्द वर जोडावे लागतात. वर्गात काच फुटली आणि गुरुजींनी “कोणी फोडली?” असे विचारले, तर प्रश्नातच आरोप येऊन बसतो. “कशी फुटली?” असे विचारले, तर पोर खरे सांगायला धजते.

हा फरक नुसता घरातला नाही. पेण तालुक्याच्या धरमतर खाडीकडच्या अंगाला खारभूमीची गावे आहेत. भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून तिथे खारबंदिस्ती घातलेली असते. उधाणाच्या भरतीला त्या बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातशेतीत घुसते आणि जमीन नापीक होते. पुन्हा गोड्या पाण्याने मीठ धुऊन जाईपर्यंत तिथे पीक नीट येत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न हाच येतो, बांध फुटला की कुणी फोडला? फुटला असेल तर दुरुस्तीचे, भरपाईचे बोलायचे. फोडला असेल तर गुन्ह्याचे. एका अक्षराच्या फरकावर शेतकऱ्याचे वर्ष टांगलेले असते. पंचनाम्यात कोणता शब्द लिहिला जातो, हे त्याने म्हणूनच डोळ्यात तेल घालून पाहावे. या खांडीला इंग्रजीत ‘ब्रीच’ म्हणतात, आणि हा ‘ब्रीच’ शब्द ‘ब्रेक’च्याच घराण्यातला आहे.

घराण्याचे नाव निघालेच आहे, तर आता या शब्दाची वंशावळ पाहू.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘ब्रेकन’ असे होते. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘ब्रेखेन’, डच भाषेत ‘ब्रेकेन’. गॉथिक नावाची एक जुनी भाषा होती, तिच्यात ‘ब्रिकन’. ही सगळी एका जर्मानिक कुळातली भावंडे. त्यांचा चुलता लॅटिन भाषेत आहे, त्याचे मूळ रूप ‘फ्राग’ किंवा ‘फ्रांग’, अर्थ तोच, मोडणे.

आता कोणी म्हणेल, ‘ब्रेक’ कुठे आणि ‘फ्राग’ कुठे! ब आणि फ, क आणि ग, हे जुळले कसे? त्याला उत्तर आहे, आणि त्या उत्तरात आपल्या संस्कृतचा मोठा वाटा आहे. १७८६ साली कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असा विचार मांडला. पुढे १८२२ साली जर्मनीत याकोब ग्रिम यांनी या भाषांतल्या वर्णांचे हिशोब मांडून दाखवले. हे तेच ग्रिम, ज्यांनी आपल्या भावाबरोबर लोककथा गोळा केल्या. हिशोब असा, की संस्कृतात जिथे भ येतो तिथे लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी फ येतो आणि इंग्रजीत ब. संस्कृतात भ्राता, लॅटिनमध्ये ‘फ्राटेर’, इंग्रजीत ‘ब्रदर’. तसेच संस्कृतात आणि लॅटिनमध्ये जिथे ग आहे, तिथे इंग्रजीत क येतो. संस्कृतात ‘युग’ म्हणजे जोखड, लॅटिनमध्ये ‘युगुम’, इंग्रजीत ‘योक’. आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे ‘जू’? तेही त्याच ‘युग’ शब्दापासून प्राकृतातून आले. गागोद्याचा शेतकरी आपल्या बैलांच्या मानेवर जू ठेवतो आणि इंग्लंडचा शेतकरी ‘योक’ ठेवत असे, ते दोघे एकच शब्द उच्चारत होते. या हिशोबाने पाहिले, तर ‘फ्राग’ आणि ‘ब्रेक’ यांचे नाते सरळ दिसते. फच्या जागी ब, गच्या जागी क.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘ब्रेक’ ऐकल्याबरोबर पुष्कळांना संस्कृत ‘भंग’ आठवतो. अर्थ एक, आवाजही जवळचा, मग शब्दही एकच असणार असे वाटते. पण भाषाशास्त्रज्ञ ‘भञ्ज्’ हा धातू निराळ्या मुळापासून आला असे मानतात. ‘ब्रेक’मध्ये आणि ‘फ्राग’मध्ये जो र आहे, तो ‘भंग’मध्ये नाही. दोन माणसांचे चेहरे मिळतेजुळते असले म्हणून ती भाऊ ठरत नाहीत. वंशावळ पाहावी लागते. शब्दांचेही तसेच. नुसत्या आवाजावरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. आपली तीन क्रियापदे कुठून आली तेही याच जागी सांगून टाकतो. ‘तुटणे’ हे संस्कृतातल्या ‘त्रुट्’ धातूपासून, ‘फुटणे’ हे ‘स्फुट्’ धातूपासून, आणि ‘मोडणे’ हे प्राकृतातल्या ‘मोड’ या क्रियापदापासून आले. ‘त्रुटी’ आणि ‘स्फोट’ हे शब्द यांचेच नातलग.

लॅटिनच्या ‘फ्राग’ची पोरेबाळे पुढे इंग्रजीत येऊन राहिली, आणि ती आपल्या ओळखीची आहेत. दवाखान्यात डॉक्टर हाडाला ‘फ्रॅक्चर’ झाले म्हणतात. गणिताच्या तासाला ‘फ्रॅक्शन’ येते, म्हणजे अपूर्णांक, अखंड आकड्याचा मोडलेला तुकडा. काचसामानाच्या खोक्यावर ‘फ्रॅजाइल’ छापलेले असते, म्हणजे आत फुटण्याजोगी वस्तू आहे. आणि शेतकऱ्याला सगळ्यात जास्त ठाऊक असलेला शब्द ‘फ्रॅगमेंटेशन’. मुंबई प्रांतात १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावात हा शब्द आहे, आपण त्याला तुकडेबंदी म्हणतो. तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्यात आणि शाळेत वेगवेगळ्या कपड्यांत भेटणारे हे सगळे ‘ब्रेक’चे चुलतभाऊ. वरच्या वर्गांत ही सगळी भावंडे एका ओळीत लिहून दाखवली, तर मुलांना चार शब्द एकाच कष्टात येतात.

मात्र मोटारीच्या ब्रेकशी याची गल्लत करू नका. खोपोलीचा घाट उतरताना ड्रायव्हर जो ब्रेक दाबतो, त्याचा उच्चार तोच असला तरी इंग्रजी स्पेलिंग वेगळे आहे आणि काम उलटे आहे. तो मोडत नाही, आवरून धरतो. देवनागरीत लिहिताना दोन्ही ‘ब्रेक’ सारखेच दिसतात. फळ्यावर दोन्हींची इंग्रजी अक्षरे शेजारी शेजारी लिहून दाखवावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

आता या शब्दाचा सगळ्यात मजेचा उपयोग. इंग्रजीत सकाळच्या न्याहरीला ‘ब्रेकफास्ट’ म्हणतात. ‘फास्ट’ म्हणजे उपवास. रात्रभर पोट रिकामे होते, तो उपवास सकाळी संपला. आता याचे मराठी ‘उपवास मोडणे’ असे केले तर काय होईल? एकादशीला दुपारी कुणी भाताचा घास घेतला, तर त्याचा उपवास मोडला. त्याने तो द्वादशीला यथासांग पारणे करून संपवला, तर त्याने उपवास सोडला. मोडला म्हणजे बिघडला, सोडला म्हणजे पुरा झाला. एकात चूक आहे, दुसऱ्यात समाधान आहे. इंग्रजीत दोन्हीला ‘ब्रेक’. तेव्हा ‘ब्रेक’चा अर्थ कधी कधी ‘सोडणे’ही होतो, हे त्या दोन रकान्यांच्या वहीत मावणार नाही.

पैशातही पाहा. पाचशेची नोट सुटी करून घ्यायची तर आपण नोट मोडतो, आणि इंग्रजही नोट ‘ब्रेक’ करतो. अडीनडीला घरातला दागिना मोडतो. खिशात दमडी नसलेल्या माणसाला इंग्रजीत ‘ब्रोक’ म्हणतात. आपल्याकडेही कर्जापायी माणूस मोडला, असे म्हणतात. दुःख ओळखीचे असले की भाषाही जवळ येतात.

शेवटी कायद्याचे. इंग्रजीत कायदा ‘ब्रेक’ करतात. त्याचे मराठी ‘कायदा तोडणे’ असेही हल्ली ऐकू येते, पण जुना शब्द ‘कायदा मोडणे’, आणि चळवळीचे नाव ‘कायदेभंग’. हा फरक आपल्या जिल्ह्याला रक्त देऊन कळला आहे. या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर गावी जंगल सत्याग्रह झाला. लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. सरकारी रानातली झाडे तोडायची आणि अन्यायाचा कायदा मोडायचा, असा तो बेत होता. पोलिसांच्या गोळीबारात त्या दिवशी सत्याग्रही धारातीर्थी पडले. झाडे तोडली, कायदा मोडला. हे एक वाक्य इंग्रजीत नेऊन बघा. झाडाला ‘कट’ लागेल, कायद्याला ‘ब्रेक’. मराठी ‘तोडणे’ म्हणजे नेहमीच ‘ब्रेक’ नव्हे, हे याहून चांगले कोणते वाक्य सांगेल?

गागोद्याचे विनोबा १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले. युद्धाविरुद्ध भाषण करून त्यांनी सरकारी बंदी मोडली आणि शांतपणे तुरुंगात गेले. त्यांनी कायदा मोडला. तोडफोड केली नाही. मोडणे आणि तोडफोड या दोन शब्दांमधले अंतर किती मोठे असते, ते या एका उदाहरणात दिसते. इंग्रजी ‘ब्रेक’ दोन्हीकडे चालेल, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला विचारावे लागेल की नेमके काय केले.

आपल्याच जिल्ह्यातले आणखी एक उदाहरण. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांच्या विरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला. तो १९३३ पासून १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षे चालला. कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले आणि उपासमार सोसून ते पाळले. आता संपाच्या बाबतीत मराठीत दोन शब्द आहेत. संप मोडतो, तेव्हा तो बाहेरच्या जोराने मोडतो. संप फुटतो, तेव्हा आतली माणसे फुटतात. बाहेरचा जोर सोसता येतो. आतून फुटलेले सावरणे कठीण. चरीची माणसे फुटली नाहीत, म्हणून संप एवढा टिकला. इंग्रजीत संपाला दोन्ही वेळी ‘ब्रेक’ लावता येतो. मराठीने धोका कुठून आला तेही शब्दातच सांगून ठेवले आहे.

तर शिक्षक मित्रांनो, एवढ्या चौकशीचा वर्गात उपयोग काय? अगदी साधा आहे. ‘ब्रेक’ शिकवायच्या दिवशी टेबलावर पाच वस्तू मांडाव्या. एक वाळकी काटकी, एक सुताचा धागा, एक भुईमुगाची शेंग, एक रद्दी कागद आणि देठासकट एक फूल. एकेका मुलाला पुढे बोलवावे आणि त्या वस्तूचे दोन भाग करायला सांगावे. मग वर्गाला विचारावे, “काय झालं?” काटकी मोडली, धागा तुटला, शेंग फुटली, कागद फाटला, फूल तोडले. मुले पटापट सांगतील, आणि एकही चुकणार नाही. मग फळ्यावर प्रत्येकापुढे इंग्रजी शब्द लिहावा. काटकी, धागा आणि शेंग यांच्यापुढे ‘ब्रेक’, कागदापुढे ‘टेअर’, फुलापुढे ‘प्लक’. मुलांना दिसेल, की इंग्रजीने आपले तीन एका पोत्यात घातले आणि दोन बाहेर ठेवले. पुढे ‘ब्रेक, ब्रोक, ब्रोकन’ ही रूपे त्याच काटकीवर शिकवता येतात. आता मोडतो, काल मोडली, ही बघा मोडलेली काटकी.

पेणच्या डोंगराकडच्या शाळांत कातकरी आणि ठाकर मुले असतात, खाडीकडे आगरी मुले असतात. त्यांच्या घरच्या बोलीत या क्रियांना काय म्हणतात, तेही विचारावे आणि फळ्यावर लिहावे. पुस्तकातल्या शब्दापेक्षा तो वेगळा निघाला तर ‘चुकले’ म्हणू नये. तो शब्द त्या मुलाने आपल्या आईकडून घेतलेला आहे, आणि त्याच शब्दावर पाय ठेवून ते पुढच्या भाषेत उतरणार आहे. जे मूल आपल्या बोलीतले फरक अचूक जाणते, ते भाषेत ढ नाही. आपण त्याला एकच अर्थ देऊन दहा जागी फसवले, एवढेच.

घरी ऐकणाऱ्या आईबापांनाही एक सांगणे आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तरी मुलाच्या इंग्रजीला तुमची मदत होते. मूल ‘ब्रेक म्हणजे तोडणे’ असे घोकत बसले, तर त्याला विचारा, “मग मडकं फुटलं तर काय म्हणायचं रे? आणि काठी मोडली तर?” ते थांबेल, विचार करील, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारील. अशा प्रश्नातून भाषा शिकली जाते.

विनोबा सांगत, की आपल्या साऱ्या कामांमागे मने जोडण्याचा एकच हेतू आहे. १९५१ साली भूदानाला आरंभ झाला, तेव्हा अशाने जमिनीचे तुकडे पडतील, असा आक्षेप घेणारे होते. तुकडे जमिनीचे पडतात की माणसांचे, हा प्रश्न त्या वादाच्या पोटात होताच. मराठीत ‘तोड’ या शब्दाची जोडी ‘जोड’शी जमते, आणि एका शब्दाचे मूळ शोधायला निघालेला माणूसही शेवटी जोडकामच करत असतो. इंग्लंडमधला ‘योक’ गागोद्याच्या जुवाला येऊन मिळतो, तालुक्याच्या कचेरीतली तुकडेबंदी दवाखान्यातल्या फ्रॅक्चरला येऊन मिळते. पुढच्या आठवड्यात आपल्या वर्गात ती पाच वस्तूंची मांडणी करून बघा, आणि मुलांनी सांगितलेले शब्द एका वहीत टिपून ठेवा. वर्षाअखेर ती वही तुमच्या गावचा छोटासा कोश होईल.